कॅनिंगच्या मोसमातलं गाऱ्हाणं

मे लागला की रत्नागिरीतल्या टेम्पोंची दिशा बदलते. एप्रिलभर पेट्या घेऊन हायवेकडे धावणारे टेम्पो आता कातळावरच्या कारखान्यांकडे वळतात. मागे पेट्या नसतात, प्लास्टिकचे क्रेट असतात. त्यांत डाग पडलेला, लहान राहिलेला, देठाशी काळवंडलेला आंबा असतो. चवीला तोच, दिसायला डावा. त्याला इकडे कॅनिंगचा आंबा म्हणतात. असा टेम्पो जवळून गेला की आधी वास येतो. पिकलेल्या आंब्याचा आणि थोडा आंबूस, उन्हात तापलेल्या चिकाचा. परवा दुपारी ऑफिसच्या खिडकीतून तो वास आला आणि हातातलं प्रूफ खाली ठेवावं लागलं.

सात वर्षांपूर्वी मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. ती आवृत्ती बंद झाली. त्या उन्हाळ्यात ओळखीतून एका कॅनिंग कारखान्यात नोंदी ठेवायचं काम मिळालं. कोणत्या वेळी किती क्रेट आले, रस किती वाजता डब्यात गेला, डबे किती वेळ उकळले, हे लिहायचं. एकच मोसम. दिवाळीच्या आत मी एका साप्ताहिकात रुजू झाले आणि अजून तिथेच आहे. वर्तमानपत्रातल्या बारा वर्षांपुढे ते सहा आठवडे म्हणजे काहीच नाही. तरी माणसं एकत्र काम कशी करतात याबद्दल मला जे ठाऊक आहे, ते बहुतेक तिथलं आहे.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. भोवती काळा कातळ, लांबवर समुद्राची एक पट्टी. शेडच्या एका टोकाला स्टीलचं टेबल. तिथे चौदा बायका आंबे धुऊन, निवडून, कापून द्यायच्या. मधे रस काढायचं यंत्र, त्यापुढे डब्यांना झाकण बसवणारं सीलिंग मशीन. दुसऱ्या टोकाला उकळत्या पाण्याचा हौद, आणि त्याच्या पलीकडे डबे थंड करायची टाकी. बॉयलरची घरघर, यंत्राचा खडखडाट, पाण्याचा आवाज. दहा पावलांवरचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून तिथे हाताने बोलायची रीत होती. टेबलावरून रस सुटायचा झाला की टेबलाची मुख्य बाई सुरी धरलेला हात वर करी. हौदावरचा माणूस तो हात बघून वाफ वाढवी आणि आपला हात वर करी. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा हे होई. पहिल्या दिवशी मला वाटलं, दोघं एकमेकांना नमस्कार करताहेत.

ती बाई म्हणजे शेवंतीताई. संगमेश्वरकडच्या एका वाडीतली, पंचेचाळिशीची. नवरा मुंबईत एका सोसायटीत वॉचमन. दरवर्षी शेतात पालापाचोळा जाळायची भाजावळ उरकून ती वाडीतल्या बायकांना घेऊन यायची आणि पेरणीच्या आधी परत जायची. आंबा कापायच्या आधी ती तो तळहातावर घेऊन नुसता एकदा दाबायची आणि आत साका आहे की नाही ते सांगायची. साका म्हणजे आतला पांढरा, रबरासारखा झालेला गर. बाहेरून आंबा देखणा आणि आत हा. ती म्हणायची, "सासरच्या माणसांवानी. वरनं हात लावल्याबिगर समजत नाय."

हौदावरचे अनंतकाका. जयगडकडचे, साठीला आलेले, बावीस वर्षं बोटीवर इंजिन रूममध्ये काढलेले. डबे उकळायचे ते त्यांच्या देखरेखीत, आणि थंड झालेला एकेक डबा वीतभर सागवानी दांडीने ठोकून पाहायचे तेही त्यांनीच. डबा चांगला असेल, आत हवा नसेल, तर झाकण टणटणीत वाजतं. कुठे हवा शिरली असेल तर ठप्प असा आवाज येतो. काका ठोकत पुढे जायचे आणि ठप्प वाजलेला डबा बाजूला काढायचे. ते बघत उभं राहायला मला आवडायचं. बारा वर्षं मी चुका डोळ्यांनी शोधल्या होत्या. चूक कानांनी शोधणारा माणूस पहिल्यांदा पाहत होते.

त्यांची बायको वारली होती, मुलगा नवी मुंबईत. एकदा चहाच्या वेळी मी विचारलं, "या वयात ही धग कशाला सोसता? पेन्शन आहे ना?"

"पेन्शन हाय, बाई. पण घरात सगळं गप असतं ना, मग इंजिन चालू होतं."

"कसलं इंजिन?"

त्यांनी कानाकडे बोट केलं. "हिथलं. बोट सोडली, इंजिन काय सोडीना. घरात बसलो की चालू. हिथं बॉयलरच्या आवाजात ते गप बसतं. मोसमभर झोप लागते मला ह्या आवाजामुळं."

मी ते नीट लक्षात ठेवलं. त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

जेवणाची सुट्टी शेडच्या मागे, काजूच्या सावलीत. चिकाने बायकांच्या बोटांना पुरळ उठलेलं असायचं, त्याला खोबरेल लावून मग डबे उघडायचे. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी, कुणाकडे फणसाची भाजी. आंबा कुणी खायचं नाही. एकदा मी कापलेली फोड उचलली तर शेवंतीताई म्हणाली, "खावा, खावा. पेपरवाल्या बाई नव्या हायत अजून." आठवड्याभरात मलाही आंबा नकोसा झाला. कोयींचा ढीग कुंपणापर्यंत गेला होता, आणि गावातली गुरं रोज ठरल्या वेळी येऊन सालींवर उभी राहत, हजेरी लावल्यासारखी.

कारखान्याच्या फाटकाशी, एका ऐनाच्या झाडाच्या बुंध्यात शेंदूर लावलेला दगड होता. तो जागेवाला. जागा त्याची, आपण पाहुणे, असा इकडचा समज. दर सोमवारी बॉयलर पेटवायच्या आधी तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. एकाने देवाला सगळ्यांच्या वतीने मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं घालायचा मान वयाने अनंतकाकांचा. ते दगडाकडे तोंड करून हात जोडत, आम्ही सगळे त्यांच्या पाठीमागे. मालकही, ज्यांना सगळे दादा म्हणत, पायांतली चप्पल काढून येत.

"हे जागेवाल्या म्हाराजा! ही तुजी लेकरं तुज्या पायाशी जमलेली हायत."

"होय म्हाराजा!"

"त्यांच्या हाताला येस दे, कुणाच्या बोटाला सुरी लागू देऊ नको."

"होय म्हाराजा!"

"काय चुकलंमाकलं असंल तर पोटात घाल."

"होय म्हाराजा!"

दैनिकात आम्ही दर सोमवारी आढावा बैठक घेत असू. कुणाचा मथळा चुकला, कुणी बातमी चुकवली. तिथे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत असे. इथे सगळे एका दगडाकडे बघत उभे असत. फरक मला पहिल्याच सोमवारी दिसला होता. तो महत्त्वाचा आहे हे नंतर कळलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गोदामात फुगलेले डबे सापडले. फुगलेला डबा म्हणजे आतला रस नासला. दोन खोक्यांतले निम्मे डबे झाकणाशी फुगीर झाले होते, बोटाने दाबलं तर आत जाऊन पुन्हा वर येत. दादा मोठ्याने बोलणारे नव्हते. त्या दिवशीही सगळ्यांना जमवून हळूच बोलले. "हे डबे कुणाच्या पोटात गेले असते तर? ज्याच्या हातून झालं त्याने येऊन सांगावं. कुणीही असो, तो दुसऱ्या दिवसापासून घरी."

अनंतकाका म्हणाले, टेबलावरून नासका आंबा आला. शेवंतीताई म्हणाली, हौदाला आच कमी पडली. दोघांनी एकेकदाच सांगितलं आणि मग एकमेकांशी बोलणं बंद केलं.

बोलणं बंद म्हणजे हात वर करणंही बंद. त्याचा कामावर काय परिणाम होतो ते वहीत दिसतं. रस सुटल्याची वेळ आणि वाफ वाढल्याची वेळ यांत आधी मिनिटभराचं अंतर असे. आता पाच, सात, नऊ. भरलेले डबे हौदाजवळ ताटकळत. झाकणावर माश्या. दोघांच्या मधे माझं टेबल होतं, म्हणून निरोप माझ्याकडून जाऊ लागले.

"बाई, त्यांना सांगा, रस सुटतोय. झोप झाली असंल तर वाफ सोडा म्हणावं."

मी जाऊन सांगितलं. वाफेचं सांगितलं आणि झोपेचंही.

काका म्हणाले, "तिला सांगा, आंबा डोळं उघडून निवड. गप्पा काय वाडीत जाऊन मार."

मी परत आले आणि तेही सांगितलं. कुणी म्हटलेलं वाक्य बदलायचं नाही, अर्धं तोडायचं नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. तीन दिवस मी ते प्रामाणिकपणे पाळलं. तिसऱ्या दिवशी शेवंतीताईने सुरी खाली ठेवली.

"बाई, एक इचारू? तुमी सगळं जसंच्या तसं सांगता ना तिकडं?"

"हो. एक शब्द बदलत नाही."

"तरीच!" टेबलावरच्या सगळ्या हसल्या. "अवो, निरोप्यानं थोडं सांडत जावं वाटंत. भरलेली कळशी आनताना पानी सांडतंच की."

त्या दुपारपासून मी सांडायला लागले. फक्त "रस सुटला" आणि "वाफ आली" एवढंच नेत होते. पण उशीर झाला होता. आता निरोपाची गरजच उरली नव्हती, दोघं एकमेकांच्या पाठीवरून राग वाचत होते.

मग सोमवार आला. दादा चप्पल काढून उभे होते, पण फोन कानाला होता आणि ते थोडे लांब गेले होते. अनंतकाकांनी नारळ ठेवला, हात जोडले. पहिली वाक्यं नेहमीची. सगळ्यांनी होय म्हाराजा म्हटलं. मग काका थांबले, आणि आवाज चढवून म्हणाले,

"आनि म्हाराजा, ज्या कुनी नासका आंबा रसात घातला असंल, त्याला तू सुबुद्धी दे!"

शेवंतीताईने ओठ मिटले. तिच्या शेजारच्या बाईने मिटले. टेबलावरच्या चौदाजणी, हौदावरचे दोघे मदतनीस, मी, कुणीही बोललं नाही. गाऱ्हाण्यात असं होत नाही. उत्तर आलं नाही तर गाऱ्हाणं घालणारा थांबतो, मागे वळून बघतो, पुन्हा विचारतो. लहान मुलांनाही हे ठाऊक असतं. ऐनाचं एक वाळकं पान खाली पडलं, त्याचा आवाज मला ऐकू आला.

अनंतकाका उत्तर यायला लागतो तेवढा वेळ थांबले. मान किंचित हलवली, जणू होय ऐकलं. आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

"पाऊसपान्याच्या आधी काम पार पाड, लेकरांना सुखरूप घरी पोचव."

मी शेवंतीताईकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग होता तो जाताना मी पाहिला. तिने दोन बाजूंना नजर टाकली आणि इतक्या मोठ्याने "होय म्हाराजा" म्हटलं की फोनवरचे दादा दचकून वळले. मागोमाग सगळ्यांनी म्हटलं. आवाजात काहीतरी होतं. बायका ओरडत होत्या, जसं पलीकडच्या काठावरच्या माणसाला हाक मारतात.

त्यानंतर बॉयलर पेटला, काम सुरू झालं. पण शेडमधल्या प्रत्येकाला कळलं होतं, फक्त काकांना नाही आणि दादांना नाही. शेवंतीताईच्या हातात आता शब्द होता. दादांना एकदा सांगितलं असतं की डबे ठोकणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही, तर टेबलावरचा आळ सुटला असता आणि काका संध्याकाळी घरी गेले असते. त्या गप्प घरात, त्या इंजिनाशेजारी.

आणि न सांगता राहिलं असतं, तर फुगलेले डबे पुढेही गेले असते. दोन्हींपैकी एक निवडावं लागणार असं मला वाटत होतं. मी मनात बातमीचा मथळाही करून ठेवला होता, सवयीने.

चहाच्या वेळी शेवंतीताई आपला कप घेऊन काकांच्या समोर जाऊन बसली. शेजारी नाही, समोर. सावकाश बोलली, ओठ दिसतील असं.

"काका, सकाळी आमी होय म्हटलं नाय."

"कंदी?"

"तुमी नासक्या आंब्याचं बोल्लात तवा. चौदाजनी गप होतो."

काकांनी कप खाली ठेवला. "एक पन नाय बोल्ली?"

"एक पन नाय."

"मग मी फुडं कसा गेलो?"

"तेच म्या तुमाला इचारतेय."

बॉयलर बंद होता. मला वाटलं, आता त्यांच्या कानातलं इंजिन सुरू झालं असेल. मग काकांनी टाकीतला एक डबा उचलला, कानाशी धरला, बोटाने वाजवला. पुन्हा वाजवला. दुसरा डबा घेतला. शेवंतीताई बघत होती. तिने बहिरा हा शब्द उच्चारला नाही, आजतागायत उच्चारलेला नाही.

"बोटांना समजतं, गो," ते म्हणाले. "मला वाटायचं मी ऐकतोय. बोटांनीच चाल्लं होतं सगळं. थोडं बिघडलेलं बोटाला नाय समजत."

मग ते उठले. "बाई, वही घ्या. दादांकडं जायचंय."

दादांच्या केबिनमध्ये त्यांनी उभ्यानेच सांगितलं. "लिहा. डबे माज्या हातून सुटले. टेबलाचा दोष नाय. मला बारीक ऐकू येत नाय." मी लिहिलं. बारा वर्षांत अनेकांनी मला "हे छापू नका" म्हणून सांगितलं होतं. स्वतःची चूक स्वतः सांगून, ती नीट लिहिली का ते वाकून बघणारा माणूस एवढा एकच.

दादा वहीकडे बघत राहिले. त्यांनी शब्द दिला होता, सगळ्यांसमोर. दारात शेवंतीताई उभी होती, हातात चहाचा कप तसाच.

"दादा, आता डबे कोन ठोकनार?"

"बघू. कुणीतरी."

"मी ठोकते. कान माजे शाबूत हायत. पन मला शिकवनार कोन? ह्यांना घरी धाडलात तर मी काय डब्यावरचं लेबल वाचून शिकू?"

दादा हसले नाहीत, पण वही मिटली. "शिकवायला किती दिवस लागतील?"

"माजं डोकं जड हाय," ती म्हणाली. "पाच-सहा मोसम लागतील."

पुढचे दोन दिवस आंबे कापणं बंद ठेवून गोदामातला प्रत्येक डबा पुन्हा ठोकला गेला. दोघं समोरासमोर बसली. काका डबा धरायचे, बोटं झाकणाच्या कडेला. शेवंतीताई दांडी मारायची आणि मान वाकडी करून ऐकायची. "ह्यो?" "ठप." "परत." "ठप वो, किती येळा?" "आता ह्याच्या कडेला हात लाव. समजलं? थरथरतंय ते इथनं तुटतंय." ती कान देत होती, ते बोट देत होते. जे डबे ठप्प निघाले त्यांवरच्या वेळा मी वहीशी ताडून पाहिल्या. सगळे एकाच आठवड्यातले. गावातून मेकॅनिक आला, त्याने सीलिंग मशीन उघडलं. झाकण दाबणारा एक रोलर ढिला झाला होता, त्यामुळे कडेतून हवा शिरत होती.

म्हणजे आंबा नासका नव्हता आणि आचही कमी नव्हती. दोघंही चुकीच्या गोष्टीवरून भांडली होती. हे कळल्यावर टेबलावर कुणीतरी म्हणालं, "मग सुबुद्धी कुनाला द्यायची रे म्हाराजा?" आणि काकांसकट सगळे हसले. काकांना ते ऐकू आलं नसावं. सगळे हसताहेत हे दिसलं, तेवढं पुरलं.

खराब डबे कातळाच्या कडेला खड्डा काढून, चुना टाकून पुरले. त्या दिवशी वहीतलं अंतर पुन्हा मिनिटावर आलं.

माणसांमधल्या तंट्यांवर मी त्यानंतर बरंच लिहिलं आहे. ग्रामपंचायती, संस्था, सहकारी सोसायट्या. बहुतेक ठिकाणी दोन्ही बाजूंकडे पुरावे असतात आणि दोन्ही बाजू ते सगळ्यांसमोर मांडायच्या घाईत असतात. अशा वेळी मला तो चहाचा कप आठवतो. शेवंतीताईकडे पुरावा होता. तिने तो प्रश्न करून त्याच माणसाच्या हातात दिला, आणि उत्तर द्यायची संधी त्यालाच ठेवली. खरं लपवलं नाही, आणि माणूसही पाडला नाही. मला आधी वाटायचं या दोन गोष्टी एकत्र जमत नाहीत. माझ्या कामात मी अजूनही वाक्य बदलत नाही. पण ते कुणासमोर, कुठे, कशा आवाजात ठेवायचं याचा विचार करते. हे मी ज्यांच्याकडून शिकले त्यांना ते माहीत नाही. आभार मानायला गेले असते तर ती म्हणाली असती, काय वो बाई, ऊन लागलं काय.

घरी डबा उघडायच्या आधी मी अजून ठोकून बघते. घरातले हसतात.

परवाच्या वासानंतर सोमवारी सकाळी कारखान्यावर गेले. शेडचा पत्रा नवा आहे, ऐन तोच. शेवंतीताई चष्म्यातली झाली आहे, पाच-सहा मोसम कधीच संपले, तिचं शिकणं अजून संपलेलं नाही. अनंतकाका सत्तरीकडे झुकले आहेत, कानामागे यंत्र आहे, ते त्यांना आवडत नाही. गाऱ्हाणं अजून तेच घालतात. फक्त एक बदल आहे. आता ते दगडाकडे तोंड करून उभे राहत नाहीत. दगडाच्या बाजूला, तिरके उभे राहतात, असे की सगळे दिसावेत. आणि प्रत्येक वाक्यानंतर होय म्हाराजा म्हणताना सगळ्या बायका उजवा हात वर करतात, रस सुटल्यावर करतात तसा. हे कधी ठरलं ते कुणाला सांगता आलं नाही. काका हात मोजत नाहीत, नुसते एकदा बघतात आणि पुढे जातात.

माझ्या शेजारी यंदाच आलेली एक मुलगी उभी होती, मंडणगडकडची. माझा हात खाली आहे हे बघून तिने मला कोपराने हलकेच ढोसलं.

"हात वर करा ना," ती कुजबुजली. "गाऱ्हान्यात करतात."